सोनाबाईच्या नावावरचं रक्त

प्रवासाहून आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी चार दिवसांनी नाशिक रोडला घरी परतलो तेव्हा शेजारचे गृहस्थ जिन्यातच भेटले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यामुळे वेळच वेळ. "मजा आहे बुवा तुमची, दवाखान्याच्या जीपमधून गावोगाव फिरायला मिळतं," असं म्हणाले. मी हातातला बर्फाचा डबा पायरीवर टेकवला, कसंनुसं हसलो आणि घरात जाऊन पालथा पडलो. त्या दिवशी बोलायचं त्राण नव्हतं. आता सांगतो.

मी रक्त काढणारा माणूस आहे. कागदोपत्री लॅब टेक्निशियन, पण गावात मला 'रगातवाला' म्हणतात आणि तेच खरं. हा उद्योग आमच्या डॉक्टर मॅडमनी सुरू केला होता. वर्षानुवर्षं दम लागणारी, छातीतून सूं सूं आवाज येणारी जी माणसं असतात, कुणी विडीनं तशी झालेली, कुणी चुलीच्या धुरानं, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त होतो. पण त्यांचा खोकला आधीच इतका जुना असतो की त्यात नवा खोकला मिसळला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. गाठ वाढायला लागली की तिच्या पेशींतले काही पदार्थ रक्तात उतरतात. ते आधीच मोजता आले तर माणूस वेळेत हाती लागेल का, एवढंच बघायचं होतं. 'एवढंच' हा मॅडमचा शब्द. सुई धरून डोंगर चढायचं काम माझ्याकडे.

उन्हाळ्यात आम्ही गावोगाव शिबिरं घेतली, रक्त गोठवून ठेवलं. तपासणीचं सामान यायला पावसाळा उलटला. दसऱ्यानंतर निकाल हाती आले आणि त्यात दोन नावांपुढचे आकडे बरेच वर गेलेले होते. एक निफाडकडचं, एक इगतपुरीच्या डोंगरातलं. एका आकड्यावर काही ठरत नाही, साधा न्युमोनिया झाला तरी तो चढतो. म्हणून दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं, आणि तोवर त्या माणसाला काही सांगायचं नाही, असा नियम. दिवाळी संपता संपता मी आणि आमचे ड्रायव्हर रशीदभाई निघालो.

सोमवार, निफाड

रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव लागले. छाटणी होऊन महिना झालेला, वेलींवर कोवळे घड धरलेले. रशीदभाईंना द्राक्षबागा बघितल्या की उत्साह येतो, मला फवारणीच्या वासानं डोकं दुखतं. आमचे पहिले गृहस्थ साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. शिबिरात श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत फुंकताना त्यांना इतकी ढास लागली होती की त्यांनी मला खुर्ची मागितली आणि वर माझीच समजूत घातली, की घाबरू नका, हे रोजचं आहे.

दारात चपलांचा ढीग होता. मी डबा घेऊन आत गेलो आणि भिंतीशी हार घातलेला फोटो दिसला. तेरावं आदल्या दिवशीच झालं होतं. मुलानं मला ओळखलं. छाती एकदम भरली, आठ दिवसांत गेले, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं की मागे रक्त नेलं होतं त्यात काय निघालं. मी म्हटलं, अजून नक्की काही नाही. हे खोटं नव्हतं, पण ते म्हणताना मला माझीच चीड आली. सुनेनं चहा आणला. बर्फाचा डबा मी खुर्चीखाली सरकवला, कारण त्या घरात आता त्याचं काही काम नव्हतं.

परतताना एका बांधावर बसून आम्ही डबे उघडले. रशीदभाईंनी अंडाभुर्जी आणली होती, माझ्याकडे मेथी. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "दुसरी जो है, उसके पास जल्दी चलो." मी मेथीचा डबा तसाच बंद केला.

मंगळवार, इगतपुरी

घोटीपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे डब्याचं झाकण उघडून पाहिलं तर आत पाणी. नाशिक रोडच्या कारखान्यातून घेतलेला बर्फ मी लाकडाच्या भुशात बांधायचा सोडून तसाच टाकला होता. इतकी वर्षं हे काम करून ही चूक म्हणजे कमाल झाली. रक्त काढल्यावर ते गार राहिलं नाही तर तपासायला नेण्यात अर्थ नसतो. मग बाजारात हिंडलो. शेवटी सुकट-बोंबिलांच्या गल्लीत, ताजी मासळी विकणाऱ्या एका बाईनं तिच्या खोक्यातला बर्फ काढून दिला. परत येईपर्यंत आमच्या जीपला पापलेटचा वास येत होता आणि रशीदभाई प्रत्येक वळणावर त्याचा उल्लेख करत होते.

इगतपुरीला मुक्काम. पाऊस संपला होता पण भिंतींची ओल तशीच होती, गादी हाताला दमट लागत होती. संध्याकाळी स्टेशनबाहेर गरम वडे खाल्ले. इथे लोक पावसाबद्दल घरच्या तापट म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात, गेला एकदाचा, असं. मी खाटेवर बसून दुसऱ्या नावाचा फॉर्म काढला. सोनाबाई. वय अंदाजे साठ. विडी नाही, मिश्री आहे, चूल लहानपणापासून.

सोनाबाई मला आठवत होती. त्या पाड्यावर आश्रमशाळेत शिबिर झालं होतं. पहिल्या दिवशी फुंकायची तपासणी. यंत्राच्या नळीत एकच लांब श्वास सोडायचा असतो, पण तिथल्या बायका चुलीवरच्या फुंकणीत फुंकावं तसं फू, फू, फू असं तुकड्यातुकड्यानं फुंकायच्या. विस्तव पेटेल, पण यंत्र काही दाखवेना. सोनाबाईला मी पाच वेळा सांगितलं. पाचव्या वेळी तिला जमलं आणि ती दमून माझ्या टेबलावर डोकं ठेवून बसली. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी घेतलं. त्या सकाळी रांग मोठी होती. बायका कागद पुढे करत होत्या, मी नंबर बघत होतो, दंडाला पट्टा बांधत होतो आणि शीर शोधत होतो. खरं सांगायचं तर मी तेव्हा तोंडं बघतच नव्हतो, हात बघत होतो.

बुधवार, पाड्यावर

पाड्याचं नाव लिहीत नाही. डांबरी रस्ता संपला की पुढे तासभर जीप दगडांवरून चालते. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, कापणी जोरात. नव्या तांदळाचा वास असा येतो की थकवा थोडा वेळ विसरायला होतो. थोडाच वेळ, कारण पाठ विसरू देत नाही.

निफाडपासून माझ्या मनात एकच धास्ती होती. घर दिसलं, आणि ओट्यावर उन्हात सोनाबाई बसलेली दिसली, तेव्हा मी जीप थांबायच्या आत खाली उतरलो. ती जिवंत होती. एका वेळी तीन शब्द बोलायची, मग श्वास घ्यायची, पण उन्हाळ्यात होती त्याहून काही वाईट दिसत नव्हती. घरातली सगळी कापणीला गेली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, धाकट्या दिराच्या घरात राहते. पुन्हा रक्त घ्यायचंय म्हटल्यावर तिनं कपाळाला आठ्या घातल्या, पण उजवा हात पुढे केला.

आमच्याकडे शहरात सुई दिसली की लोक तोंड फिरवतात. तिकडे बायका टक लावून बघतात. सोनाबाईही बघत होती, पण बघण्यासारखं काही होत नव्हतं. उजव्या हाताच्या शिरा दोऱ्याएवढ्या, सुई लागली की पळत होत्या. मी डावा हात मागितला. तिनं पदराआडून काढला तर कोपरापासून मनगटापर्यंत जुनी भाजल्याची खूण, कातडी ताणून चिकटलेली. लहानपणी भाताची उकळती पेज सांडली होती म्हणे. तिथे शीर मिळणं शक्यच नव्हतं. शेवटी उजव्या पंजाच्या पाठीवरून, बारीक सुईनं, कसंबसं अर्ध्या नळीएवढं रक्त मिळालं.

नळी बर्फात ठेवली आणि नोंद करायला फॉर्म उघडला. वरच्या ओळीत उन्हाळ्यातली नोंद, माझ्याच अक्षरात: डावा हात, शीर सहज मिळाली.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग सोनाबाईच्या डाव्या हाताकडे पाहिलं. रक्त काढणारा माणूस दुसरं काहीही विसरेल, पण असा हात विसरणार नाही. उन्हाळ्यात मी या बाईचं रक्त काढलंच नव्हतं. नंबर तिचा, फॉर्म तिचा, पहिल्या दिवशी लावलेला अंगठा तिचा, आणि वर चढलेला तो आकडा कुणा दुसऱ्याच माणसाचा होता.

मी तिला विचारलं, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आला होता का? तिनं डावा हात पुन्हा पदराआड घेतला. मी पुन्हा विचारलं. तेवढ्यात शेतावरून तिची जाऊ आली. यमुना नाव, पन्नाशीच्या आतली, उंच, हाडापेरानं मजबूत. डोक्यावरचा भारा उतरवून तिनं पदरानं तोंड पुसलं. मी तोच प्रश्न तिला केला, तिनं काही आडपडदा ठेवला नाही.

"ते रगात म्या दिलं व्हतं," ती म्हणाली. "हिच्या अंगात हाय का रगात? हिचं पिशवीचं आपरेशन झालं तवा बी दवाखान्यात रगात मागितलं, तवा माझ्या मालकानं दिलं. घरात धडधाकट माणूस असताना आजारी माणसाचं कशाला काढायचं?"

मी विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाही. तर म्हणाली, "तुमी इचारलंच नाय. कागद मागितला, म्या दिला."

आम्ही शिबिरात विडी, चूल, मिश्री सगळं विचारलं होतं. बाई, तू तूच आहेस ना, एवढं मात्र विचारलं नव्हतं. मोठ्या दवाखान्यात आजाऱ्यासाठी रक्त लागलं की नातेवाइकांनी द्यायचं, हे त्या घरानं एकदा अनुभवलं होतं आणि मनाशी पक्कं धरलं होतं. यमुनेनं फसवलं नव्हतं. तिनं जावेचा वाटा आपल्या अंगावर घेतला होता, इतक्या सहज की सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नाही. चूक माझी होती. मी तोंड वर करून पाहायला हवं होतं.

फोन लागेना. शाळेमागच्या टेकाडावर रेंज येते असं कळलं, तिथे धापा टाकत चढलो. मॅडमना सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, यमुनेला खोकला आहे का. मी खाली आलो, तिला विचारलं. गणपतीपासून आहे म्हणाली, पण खोकला कुणाला नाही? पाठीत दुखतं, ते वाकून कापणी केल्यानं. वजन उतरलंय, ते सगळ्यांचंच पावसाळ्यात उतरतं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. ती आमच्या यादीतच बसत नव्हती. दमेकरी नव्हती, म्हणून आम्ही तिला कधी शोधलंही नसतं.

मी तिला म्हटलं, उद्या नाशिकला चला, छातीचा फोटो काढू. ती हसली. अजून दोन दिवसांचं भात उभं आहे, दाणे झडायला लागलेत, फोटो काय पळून जातोय? मी तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण सोनाबाई माझ्याकडेच बघत होती. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि जोरजोरात धापा टाकायला लागली. इतका वेळ ती बरी होती.

"यमुने, मला लय दम लागलाय," ती म्हणाली. "मला घेऊन चल दवाखान्यात. एकटीनं मला जमायचं नाय."

यमुनेनं विळा आत ठेवला, शेजारणीला भाताचं सांगितलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. स्वतःसाठी ती तासभर हटून बसली होती, जावेसाठी तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. निघण्याआधी तिनं आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. रशीदभाईंनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सोनाबाईची धाप तोवर ओसरली होती, पण यमुनेची पाठ वळली की ती मला खुणेनं विचारायची, तिला काय झालंय? मी मान हलवून माहीत नाही म्हणायचो.

गुरुवार, नाशिक

आदल्या संध्याकाळी इगतपुरीच्या मुक्कामात मी यमुनेचंही रक्त घेतलं, आणि तिथल्या दवाखान्यातलं यंत्र मागून दोघींचं रक्त फिरवून त्यातला वरचा पातळ भाग वेगळा करून ठेवला होता. सकाळी दवाखान्यात पोचलो. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या. यमुनेला आधी पटेना की फोटो तिचाही काढायचा आहे. सोबत आलेल्याचाही काढतात, असं मी सांगितलं. या चार दिवसांत मी जितकं खोटं बोललो तितकं वर्षात बोलत नाही.

फिल्म ओली असतानाच मॅडमनी ती दिव्यासमोर धरली. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढी पांढरी सावली होती. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षं त्यांच्या मागे उभं राहून जे दिसायचं ते मलाही दिसतं. मॅडम म्हणाल्या, अजून नक्की नाही, स्कॅन करू, तुकडा तपासू, पण जे आहे ते एकाच जागी दिसतंय, ऑपरेशनवाल्यांना दाखवण्यासारखं आहे. नेहमी ही माणसं आपल्याकडे येतात तेव्हा दाखवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग त्या खुर्चीत टेकल्या. त्याही थकलेल्या दिसल्या.

दोघींना त्यांनी स्वतः सांगितलं. साध्या शब्दांत, छातीत गाठ आहे, लवकर कळलंय, उपचार करायचे. यमुनेनं ऐकून घेतलं. कापणीचं काय, असं पहिलं विचारलं. मग पाण्याची बाटली घेऊन ती नळाकडे गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

मॅडमनी मला फॉर्म आजच दुरुस्त करायला सांगितलं. कचेरी पाचला बंद होते. उन्हाळ्यातलं रक्त, चढलेला आकडा, सगळी नोंद सोनाबाईच्या नावावर होती. ती यमुनेच्या नावावर आल्याशिवाय स्कॅनची चिठ्ठी तिच्या नावानं निघणार नव्हती. मी बाकावरच मांडीवर फॉर्म घेऊन बसलो आणि पेन काढलं. सोनाबाई सरकून जवळ आली.

"ते माझं नाव हाय ना?" तिनं बोट ठेवून विचारलं.

मी हो म्हटलं. आता ते बदलायचं आहे, हेही सांगितलं.

"मग राहू द्या माझ्याच नावावर," ती म्हणाली. श्वास घेऊन पुन्हा बोलली. "ते दुखणं माझंच व्हतं, भाऊ. तिनं माझ्या नावावर हात पुढं केला, म्हनून ते तिच्या अंगाला गेलं. मला आनखी वरीसभर जगून काय करायचंय? परत माझ्यावर लिवा."

मी तिला समजावलं. असं नावावर दुखणं जात नाही, गाठ आधीपासूनच तिच्या छातीत होती, उलट तिनं तुमच्यासाठी हात पुढे केला म्हणूनच ती सापडली, नाहीतर आम्हाला कधी कळलंच नसतं. माझ्याकडे होते नव्हते तेवढे सगळे शब्द मी वापरले. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं माझ्या पेन धरलेल्या हातावर आपला भाजलेला हात ठेवला.

"तुमी शिकलेले हायत," ती म्हणाली. "पन लिवायचं तुमच्या हातात हाय ना?"

पाचला दहा मिनिटं होती. नळाकडून यमुना परत येताना दिसत होती. मी सोनाबाईचा हात हळूच बाजूला केला, तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर यमुनेचं नाव लिहिलं. सोनाबाईला वाचता येत नाही. तिनं रेघ पाहिली, वरची नवी अक्षरं पाहिली, आणि यमुना बाकाशी पोचायच्या आत पदरानं डोळे कोरडे करून तिच्यासाठी जागा केली.